तिसरी पायरी

साडेचारला उठतो.
गजर नाही, मनगटावरचं घड्याळ नुसतं थरथरतं,
आणि येर्नेया कूस बदलायच्या आत
मी दाराबाहेर असतो,
बूट हातात, आपल्याच घरात चोर.
लाकडी जिन्याला अकरा पायऱ्या.
तिसरी करकरते.
सहा वर्षं झाली, ती ओलांडूनच उतरतोय.

खाली गॅरेजात सायकल.
मागच्या चाकाला रविवारचा चिखल,
हँडलला ब्रिनाची केसांची रबरं, दोन, जांभळी.
काढत नाही. वजन किती, दीड ग्रॅम.
हल्ली मी ग्रॅमांतच विचार करतो.
परवा दुकानात केकसुद्धा हातावर तोलून पाहिला
आणि मागे रांगेत कुणीतरी खोकलं.

दरीत अजून अंधार, लाकडाच्या कारखान्याचा एकच दिवा.
आठला मला तिथंच जायचंय, फळ्या मोजायला.
त्याआधी पेत्साच्या उतारावर
चार-चार मिनिटांचे सहा चढ,
स्प्रूसची ओली मुळं, हेडलाइटच्या गोलात एक कोल्हा,
आणि छातीत आपलंच कुणीतरी दार ठोठावतंय.
खोटं कशाला बोलू,
तिथं मला कुणाचीच आठवण येत नाही.

फ्रिजवर बारा आठवड्यांचा तक्ता.
शनिवारच्या चौकोनात येर्नेयाचं अक्षर : दाताचा डॉक्टर.
रविवारवर ब्रिनानं मांजर काढलंय,
एवढं मोठं, की शेपूट पुढच्या आठवड्यात गेलंय.

येर्नेया भांडत नाही.
ताटं पुसता पुसता एकदाच म्हणाली,
‘डोंगराला ताजा मिळतोस. आम्हाला उरलेला.’
आणि पुढचं ताट उचललं.
लग्नाआधी बर्फावर ती माझ्यापुढे असायची,
वळणावर तिची फक्त टोपी दिसायची.
तिच्या स्की माळ्यावर आहेत.
दर शरदात ती त्यांना मेण लावते
आणि परत वर ठेवते.

शर्यत जूनमध्ये. माझा नंबर दोनशे चौदा.
तिसऱ्या चढाच्या तोंडाशी ती उभी होती,
कडेवर मातिक, पुढं केलेल्या हातात बाटली.
वेग न मोडता घेतली, दातांनी झाकण ओढलं :
कोमट कॅमोमाइल, रबरी बोंडी, वर हसरा हत्ती.
मातिकची!
मागून येणारा सायकलवरून पडता पडता वाचला, हसून.
काय करणार, चढ नऊ टक्के आणि घसा कोरडा.
चोखत गेलो.
वर पोचेपर्यंत संपली होती.

चाळिशीवरच्या गटात एकसष्टावा.
गटात चौऱ्याऐंशी होते, हेही सांगून टाकतो.

परतताना गाडीत ब्रिना म्हणाली,
‘तू जातोस ते मला रोज कळतं.’
मी म्हटलं, कसं? मी तर आवाजच करत नाही.
‘तेच ना. आई उतरली की तिसरी वाजते,
आजोबा उतरले की खूप वाजते.
तू आलास की दोन पावलं, मग काहीच नाही,
मग चौथी.
ते काहीच नाही म्हणजे तू.’
येर्नेया खिडकीबाहेर बघत होती.
काच खाली करायची हातळी तिनं उगाच फिरवली.

त्या रात्री नवा तक्ता केला.
जानेवारीतले चारही रविवार कोरे सोडले.
तिचं नाव लिहिलं नाही,
लिहिलं असतं तर उपकार झाला असता.
सकाळी पाहिलं, पहिल्या कोऱ्या चौकोनात
पेन्सिलीनं, अगदी फिकट, एक टोपी.

सासरे रंधा घेऊन आले होते, पायरी नीट करतो म्हणाले.
राहू द्या, म्हटलं.

आज सोमवार, विश्रांती. तक्त्यात तसंच आहे.
तरी साडेचारला डोळे उघडलेच.
पडून राहिलो. शेजारी तिचा श्वास, पाळण्यात मातिकचा.
आणि बाहेर जिन्यावर
कुणीतरी हलकं, अनवाणी, उतरतंय.
एक. दोन.

चार.